भिंतीवरचं बेंझिन

अमेरिकेत, केंटकीतल्या लेक्सिंग्टनहून डॅनव्हिल पाऊण तासावर. एका मित्राचं कपाट पोचवायला गेलो होतो. परतताना सेंटर कॉलेजच्या आवारात पाय मोकळे करत होतो, तर एका जुन्या इमारतीच्या विटांच्या भिंतीवर रंगवलेलं दिसलं : सी, त्याच्या पायाशी ६, एच, त्याच्या पायाशी ०. वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. पहिला विचार हाच आला, की कुणीतरी ढ पोरगा बेंझिन (C₆H₆) लिहायला गेला आणि सगळे हायड्रोजन विसरला.

फोटो काढत होतो तेवढ्यात कुत्र्याला फिरवणाऱ्या एक आजी थांबल्या. "सेंटर सहा, हार्वर्ड शून्य," म्हणाल्या. परवाच सामना पाहून आल्यासारख्या.

सामना अमेरिकन फुटबॉलचा, २९ ऑक्टोबर १९२१चा! तेव्हा या कॉलेजात तीनशेसुद्धा विद्यार्थी नव्हते. आदल्या वर्षी हार्वर्डने यांना ३१-१४ असं झोडपलं होतं, तरी ही मंडळी पुन्हा बॉस्टनला गेली. सामन्याआधी प्रार्थना करायचे म्हणून संघाचं नाव 'प्रेइंग कर्नल्स'. (आपण नारळ फोडला की मात्र अंधश्रद्धा. असो.) उत्तरार्धात सेंटरचा बो मॅकमिलिन चेंडू घेऊन सुटला, तो थेट हार्वर्डच्या गोलरेषेपलीकडे, टचडाऊनलाच थांबला. सहा गुण. नंतरची जादा गुणाची किक हुकली, म्हणून सहाच राहिले. हार्वर्डच्या शेजारच्या एमआयटीची पोरं सेंटरच्या बाजूने ओरडत होती. शेजाऱ्याची जिरली की होणारा आनंद जगभर सारखाच.

मग गावाने दिसेल त्या भिंतीवर हे सूत्र रंगवलं. गायींच्या अंगावरही रंगवलं होतं, म्हणतात.

मला खरं सांगायचं तर वैताग आला. शंभर वर्षं झाली, एक सामना, किती उगाळायचा? कॉफीच्या दुकानात तेच, मित्राच्या घरमालकाच्या तोंडी तेच. बरं, त्याच मोसमाचा शेवट कुणी सांगत नाही. २ जानेवारी १९२२ला डॅलसमध्ये टेक्सास ए अँड एमने यांना २२-१४ हरवलं. ते कुठल्या भिंतीवर आहे? तिकडे टेक्सासवाले त्याच सामन्याचं 'बारावा गडी' म्हणून देव्हारं माजवून बसलेत. ए अँड एमचे जखमी खेळाडू वाढले म्हणून प्रेक्षकांतून बोलावून घेतलेला किंग गिल कपडे बदलून कडेला तयार उभा राहिला, खेळला नाहीच, आणि तरी अजरामर झाला! वर सेंटरची पोरं सामन्याला अमेरिकेचे दिवंगत सरन्यायाधीश फ्रेड विन्सन यांचं तैलचित्र घेऊन जातात. ते या कॉलेजचे माजी विद्यार्थी. चित्राचं नाव 'डेड फ्रेड'. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांची तसबीर कुणी कबड्डीला नेऊन दाखवावी.

आणखी एक. त्या काळी केंटकीत १९०४चा डे कायदा होता, गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एका शाळा-कॉलेजात शिकायचं नाही. म्हणजे हा 'दुबळ्यांचा विजय'सुद्धा फक्त गोऱ्या दुबळ्यांचा. हे मी मित्राला जरा चढ्या आवाजात सुनावलं, आमचे दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकर आठवले म्हणून. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवलं, त्या संघातले हे गोलंदाज. मग आठवलं, पुण्यात त्याच बाळूंना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, पॅव्हेलियनच्या बाहेर मिळायचा. आवाज खाली आला. शिवाय १९०६चा तो सामना मला ठाऊक झाला तो इथे आल्यावर, लायब्ररीतल्या पुस्तकात. मुंबईत होतो तेव्हा त्या जिमखान्यांवरून रोज लोकलने गेलोय.

रात्री आईला फोनवर हे सगळं सांगितलं, शंभर वर्षांच्या उगाळण्यासकट.

"आणि तुझे बाबा त्र्याऐंशीचा कप अजून सांगतात ते?" आई म्हणाली.

"ते वेगळं. तो वर्ल्ड कप होता."

"बरं. आणि तुमच्या कॉलेजचं कबड्डीचं?"

आमच्या तालुक्याच्या कॉलेजनं पुण्याच्या एका बड्या कॉलेजला हरवलं होतं, २९-२७. शेवटच्या चढाईत आमच्या गड्याची चड्डी फाटली होती, तरी तो रेषेला हात लावून आला. ते मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.