काकांचा कुलवृत्तांत आणि सोळा फोल्डर

"फोटो एक्सटर्नल ड्राइव्हवर टाकून द्या" हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात फालतू काम समजतात. नवीन पोराला पाठवायचं, त्याने ड्रॅग करायचं, चहा प्यायचा, पैसे घेऊन यायचं. मी ठाण्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटरची कामं करते, जास्त करून मॅकची (अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरची), आणि नौपाड्यातली एक केस काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली (नौपाड्यात कुठली गेली नाही तेवढं विचारा). काका-काकू घोडबंदर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये चाललेले, सामान कमी करणं सुरू, मुलगा बंगळुरूला. त्याने फोनवरूनच ठरवलं की तो जुना आयमॅक काढून टाकायचा आणि त्याआधी फोटो ड्राइव्हवर घ्यायचे. कुणीतरी आला, करून गेला. मग काकांनी ड्राइव्ह लावून बघितली आणि मला फोन केला, "अगं, फोटो सगळे आहेत गं, पण माणसं कुठे गेली?"

मला खरं तर वाटलं वयाचा परिणाम. जाऊन बघते तर ड्राइव्हवर सोळा फोल्डर, ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. बघूनच पोटात गोळा आला.

मॅकमधल्या फोटोज अ‍ॅपची लायब्ररी दिसायला एकच फाइल दिसते, पण ते एक पॅकेज असतं, म्हणजे आत बरीच फोल्डरं असलेलं गाठोडं. आत ओरिजिनल्स नावाचं फोल्डर, त्यात हे सोळा, आणि त्यात प्रत्येक फोटो लांबलचक आकडे-अक्षरांच्या नावाने ठेवलेला. मॅकच्या २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून असं आहे, आधी मास्टर्स नावाचं फोल्डर असायचं आणि त्यात तारखेप्रमाणे, मूळ नावाने फोटो सापडायचे. बाकी सगळं, म्हणजे अल्बम, फोटोखाली लिहिलेलं, चेहऱ्यांना दिलेली नावं, बदललेल्या तारखा, क्रॉप, हे शेजारच्या डेटाबेसमध्ये आणि बाकीच्या फोल्डरांमध्ये. फोटोच्या फाइलमध्ये नाही. हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं, आणि माझ्या मते ही लोकांची चूक नाही, पण घरी येऊन पैसे घेणाऱ्याला तरी माहीत पाहिजे ना?

फोटो हलवून गेलेल्या त्या पोराने काय केलं असणार ते मला बसल्या जागी दिसत होतं. दुकानातून आणलेली ड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटची (विंडोज-मॅक दोन्हीकडे चालते ती), त्याने अख्खी लायब्ररी तिच्यावर ओढली, फोटोज अ‍ॅपने ती उघडायला नकार दिला, कारण त्याला एपीएफएस नाहीतर मॅक ओएस एक्स्टेंडेड, म्हणजे मॅकचा स्वतःचा फॉरमॅट लागतो. ड्राइव्ह फॉरमॅट करायला पाच मिनिटं लागतात. त्याऐवजी पठ्ठ्याने राइट क्लिक, शो पॅकेज कन्टेन्ट्स, सोळा फोल्डर उचलले, आकडा बघितला, साधारण ३१ हजार इकडे आणि तेवढेच तिकडे, जुळला, मग आयमॅकवरची लायब्ररी डिलीट आणि ट्रॅशही रिकामी. लग्नाच्या पंगतीत पानं मोजून घेतली आणि कोण कुणाकडचं ते विचारलंच नाही, तसं.

आता माणसं. काका रेल्वेतून रिटायर झालेले, हिशेबाला पक्के, आणि गेली कित्येक वर्षं घराण्याचा कुलवृत्तांत करतायत. गुहागरकडच्या नातेवाईकांकडून जुने फोटो आणून स्कॅन करायचे आणि प्रत्येकाखाली मराठीत टाइप करायचं, बसलेले डावीकडून कोण, मागे कोण, कुणाच्या मांडीवर कोण, कुठलं घर, कुठला गणपती. एकेक ओळ नाही हो, परिच्छेदच्या परिच्छेद. तारखाही बदललेल्या, म्हणजे १९५४ चा फोटो १९५४ लाच दिसेल अशा. आता ड्राइव्हवर तो फोटो स्कॅन केलेल्या दिवशीचा, २०१७ चा दिसत होता, क्रॉप गेलेला, स्कॅनरची काळी कड परत आलेली, आणि खाली काही नाही.

आयक्लाउड, म्हणजे अ‍ॅपलचं ऑनलाइन स्टोरेज, काका वापरत नाहीत ("घरातलं घरात बरं"). त्यामुळे वरून काही परत आणायची सोयच नव्हती. आयमॅकमध्ये एसएसडी (चिपवाली डिस्क), ट्रिम चालू (डिलीट केलेली जागा डिस्क स्वतःच साफ करते), डिलीट होऊन बरेच दिवस झालेले, म्हणजे रिकव्हरी सॉफ्टवेअर विकत घेऊन नाटक करण्यात अर्थ नव्हता. (काही लोक करतात हे नाटक. पैसे घेऊन करतात.) मी काकूंना विचारलं की पूर्वी कधी टाइम मशीनची (मॅकच्या आपोआप बॅकअपची) वेगळी डिस्क होती का, त्या म्हणाल्या ती काळी डबी का, ती मी बोहारणीच्या ढिगात टाकलीय. होती अजून तिथे! फक्त वायर हरवल्यापासून लावलेली नव्हती, शेवटचा बॅकअप दीडेक वर्षापूर्वीचा.

इथून पुढे मला मजा आली, खोटं कशाला बोलू. नवीन एसएसडी एपीएफएस केली, बॅकअपमधून पूर्ण लायब्ररी तिच्यावर आणली आणि तिची आणखी एक कॉपी करून त्या कॉपीवरच हात लावला, कारण जुनी लायब्ररी नव्या फोटोजमध्ये उघडली की ती अपग्रेड होते आणि मागे जाता येत नाही. ऑप्शन दाबून अ‍ॅप उघडलं, ती लायब्ररी निवडली, आणि १९५४ परत १९५४ ला. काका खुर्ची ओढून शेजारी बसले ते उठलेच नाहीत. मग दोन्हीकडच्या फाइलनावांच्या याद्या काढून ताडून बघितल्या. ती विचित्र नावं दोन्हीकडे तीच असतात, त्यामुळे दीड वर्षात नवीन आलेले फोटो कुठले ते लगेच वेगळे निघाले आणि तेवढेच इम्पोर्ट केले.

त्या नव्या फोटोंखालचं लिखाण मात्र गेलं ते गेलंच. त्यातलं बरंचसं काकांना त्यांच्या चुलतबहिणीने फोनवर सांगितलेलं, आणि ती या पावसाळ्यात गेली.

मी म्हटलं त्या पोराला फोन करू, निदान कळू दे तरी. काका म्हणाले, "कशाला? त्याला फोटो हलवायला सांगितले, त्याने हलवले." मला हे अजिबात पटलेलं नाही. पण उलट बाजूने विचार केला तर काकांच्या मुलाने त्याला फोनवर एवढंच सांगितलेलं की सगळे फोटो आले पाहिजेत, आणि आले. घरात बसलेल्या काकांना कुणीच विचारलं नाही, मुलानेही नाही. मुलगा मला नंतर म्हणतो, "पण फोटो तर तेच आहेत ना मॅडम?" काय बोलणार.

आता काकांना ते लिखाण फाइलच्या आतच हवंय, म्हणजे उद्या कुठलंही अ‍ॅप असलं तरी चालेल. बरोबरच आहे. ओएसएक्सफोटोज नावाचं फुकटचं टूल आहे, ते एक्झिफटूलच्या (फोटोच्या फाइलमधली माहिती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रोग्रामच्या) मदतीने डेटाबेसमधलं वर्णन फाइलमध्ये लिहितं, चेहऱ्यांची नावं कीवर्ड म्हणून टाकता येतात. चालवलं तर मोठ्या वर्णनांवर वॉर्निंग, तुकडा तोडला म्हणून. आयपीटीसी या फोटोतल्या माहितीच्या जुन्या पद्धतीत कॅप्शनला २००० बाइटची मर्यादा, आणि देवनागरीचं एकेक अक्षर, आणि काना-मात्रा-वेलांटीही, प्रत्येकी ३ बाइट खातं, म्हणजे साडेसहाशे चिन्हांच्या आसपास खेळ खल्लास. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे आयुष्यात कळणार नाही. एक्सएमपी या नव्या पद्धतीत तशी मर्यादा नाही, तिथे काकांचं पूर्ण पुराण बसलं. मी मुद्दाम सगळ्यात लांब वर्णन उघडून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचून घेतलं.

आयमॅक विकायचं सध्या थांबलंय, ड्राइव्ह दोन झाल्यात, एक पुण्याला पुतणीकडे जाणार. दीड वर्षाची नावं काका परत जमवतायत, संध्याकाळी चिपळूण-गुहागरला फोन करतात आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, स्वतः टाइप करता येतं हे सांगूनही. त्यात काल असं निघालं की एका मुंजीच्या फोटोत मागे उभी असलेली बाई धाकटी काकू नाहीच, तिची जाऊ आहे, आणि तीच बाई वाचवलेल्या आणखी काही फोटोंतही चुकीच्या नावाने बसलीय, तर ते आता बदलायचंय.