धूर का मारत नाही?

"ताई, आमची पिंपं कसली तपासत बसता? गल्लीत धूर मारा की!" पावसाळा लागला की डासांच्या अळ्या शोधत फिरताना हे दारोदार ऐकावं लागतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगते.

धूर मारतो आम्ही, पण डेंग्यूचा रुग्ण निघाला की, त्याच्या घराच्या आसपास. धुरानं मरतो तो उडता डास. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारावर नसतोच मुळी. तो घरात असतो, खाटेखाली, खुंटीवरच्या कपड्यांआड, आणि चावतो दिवसा. धुराची गाडी आली की आपण काय करतो? दारं-खिडक्या लावून घेतो. धूर बाहेर, डास आत. पाण्यातल्या अळीला तर त्या धुराचं काहीच होत नाही. पण धूर दिसतो, वास येतो, नगरसेवकांचा फोटो निघतो. उपड्या पिंपाचा फोटो कोण काढणार!

म्हणून घरात शिरावं लागतं. न्हाणीघरातल्या पिंपात बॅटरीचा उजेड टाकला की अळ्या वळवळत तळाशी जातात. जरा थांबलं की श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. हे घरच्या बाईला एकदा दाखवलं की माझं पुढचं भाषण वाचतं. (फ्रिजच्या मागे पाण्याचा ट्रे असतो यावर मात्र लोक आधी वाद घालतात.) पिंप नुसतं ओतूनही भागत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेलगत, भांड्याच्या कडेला चिकटवून. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. काथ्यानं खसाखसा घासायला हवं.

अंड्याचा डास व्हायला आपल्या हवेत साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस, म्हणजे त्या दिवशी पाण्याची सगळी भांडी ओतून घासायची. कागदावर सोपं आहे. पण जिथे नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं, तिथे भरलेलं पिंप ओता म्हणणाऱ्या बाईला कोण दारात उभं करील? त्यांचं बरोबरच आहे. शंभरातल्या किती घरांत अळ्या सापडल्या, तो हाऊस इंडेक्स वर कळवावा लागतो. त्या घरांना पाणी कधी येतं, हा रकानाच नाही.

पूर्वी आमच्या गावाला कोरड्या दिवसाचा एकच वार ठरलेला होता. आता वॉर्डागणिक वेगळा, पाणी सुटायच्या आदल्या दिवशी धरतो. पिंपं तशीही तळाला गेलेली असतात, घासायला कुणी कुरकुर करत नाही. त्यासाठी नळाला पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनशी बोलणं ठेवावं लागतं, आणि माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा माणूस तोच. जो सिमेंटचा हौद रिकामा होतच नाही, त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतो. झाकण नसेल तर जुनं धोतर ताणून बांधायचं.

धुरासाठी अर्ज जरूर करा. फक्त त्यात आणखी एक ओळ घाला: आमच्या वॉर्डाला पाणी कोणत्या वारी, किती वाजता सोडणार, ते लेखी कळवावे.