तुम्ही विचारलंत म्हणून : हरणीनं काय खाल्लं?

सोलापूरच्या अशोक चौकाकडून आमच्या गल्लीत वळलं की आधी यंत्रमागांची खडखड ऐकू येते, मग आमचं दार लागतं. त्या दारात गेल्या दोन वर्षांत बरेच जण येऊन उभे राहिलेत. कुणी इथलंच, पूर्व भागातलं, कुणी जुळे सोलापुरातून, कुणी पार होटगी रोडवरून. प्रश्न एकच असतो. "मावशी, आमच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालंय, काहीच खाईना झालंय बघा. तुम्ही हरणीला काय घातलं होतं?"

आधी मी सांगायचे, भाकरी. चिकनच्या पाण्यात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. खोटं नव्हतं ते. लोक घरी जाऊन भाकरी थापायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी उतरलेल्या चेहऱ्यानं परत यायचे. भाकरीलाही तोंड लावेना म्हणायचे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी गोष्टीचा शेवट तेवढा सांगतेय. हरणीनं भाकरी खाल्ली ती चौथ्या दिवशी. आधीचे तीन दिवस सांगितल्याशिवाय नुसती भाकरी सांगून काही उपयोग नाही. म्हणून आता सगळंच सांगते.

हरणी म्हणजे आमची कुत्री. कारवानी या शिकारी जातीच्या रक्ताची, निम्मी गावठी. लांब पाय, बारीक कंबर, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. तेव्हा आठ वर्षांची होती आणि वजन २२ किलो. मार्चमध्ये माजावर येऊन गेली आणि मे महिन्यात एकाएकी पाणी पाणी करायला लागली. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, तिची बादली मी मापानं भरते, म्हणून ते ध्यानात आलं. उन्हाळा आहे, ४२-४३ अंश तापतंय, पिणारच, असं म्हणून मी दोन दिवस घालवले. मग ती घरात लघवी करायला लागली, उलट्या झाल्या, पोट ताठ झालं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. गर्भाशय पुवानं भरलं होतं. नसबंदी न केलेल्या, वय झालेल्या कुत्रीला माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत हे होतं. पू बाहेर येत असेल तर निदान दिसतो तरी. तिचा आतच कोंडला होता. त्याच संध्याकाळी गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. तुमच्या घरात कुत्री असेल आणि पिल्लं नको असतील तर वेळेत नसबंदी करून घ्या, हे मी आलेल्या प्रत्येकाला सांगते.

पहिला दिवस गुंगीतच गेला. डॉक्टर म्हणाले होते, भुलीनंतर दिवसभर नाही खाल्लं तरी घाबरू नका, थोडं थोडं पाणी पिऊ द्या. सलाईन लावलेलं होतं. इथवर सगळं ठीक होतं.

चूक दुसऱ्या दिवशी झाली आणि ती मी केली. सकाळपासून मी तिच्यापुढे एकेक मांडत गेले. दूध-पोळी, उकडलेलं अंडं, दहीभात, चिकन, पेढासुद्धा. प्रत्येक वेळी ती मान फिरवायची, ओठ चाटायची, घोट गिळल्यासारखं करायची. मला वाटायचं ओठ चाटतेय म्हणजे मन होतंय, म्हणून ताटली आणखी नाकाजवळ न्यायची. तिला मळमळत होतं. कुत्र्याला मळमळलं की ते असंच करतं. ओठ चाटतं, लाळ गाळतं, सारखं गिळतं, तोंड वळवतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि मळमळत असताना जे समोर येतं त्याचा वास त्या मळमळीशी जोडला जातो, मग बरं वाटल्यावरसुद्धा ते नकोसं होतं. आपल्याला नाही का, तापात पाजलेल्या काढ्याचा वास पुढे वर्षानुवर्षं सहन होत नाही. तिचं जीव की प्राण असलेलं चिकन मी त्या दिवशी माझ्या हातानं तिच्या मनातून उतरवलं.

भरीला गोळी. अँटिबायोटिकची गोळी मी चिकनच्या तुकड्यात दडवून दिली. तिनं तुकडा तोंडात घेतला, हलकेच चघळला, चिकन गिळलं आणि गोळी जिभेच्या टोकावरून ताटलीत ठेवली. स्वच्छ, चाटून पुसून ठेवल्यासारखी. मग माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून माझ्या हातून कुठलाच तुकडा तिनं घेतला नाही. आठ वर्षं जिनं माझ्या तळहातावरचं बघून न बघून खाल्लं, तिचा माझ्या हातावरचा विश्वास एका गोळीनं गेला. ती नजर मी विसरू शकलेले नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांचा धीर सुटला. त्यांनी सिरिंजमध्ये चिकनचं पाणी भरलं, तिचं तोंड वर केलं आणि सोडलं. तिला ठसका लागला. असा लागला की ती उभी राहून थरथर कापत होती, टाक्यांवर ताण येत होता आणि आम्ही दोघं तिथेच जमिनीवर बसून रडत होतो. खरं तर दुसऱ्या दिवशी रात्रीच फोन करायला हवा होता. तो आता केला. डॉक्टर म्हणाले, "ताई, आधी ते थांबवा. पाणी श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होईल. तिला घेऊन या."

दवाखान्यात त्यांनी खाण्याचं नावसुद्धा काढलं नाही. ताप पाहिला, १०२. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, तेव्हा हाताला गरम लागलं म्हणून घाबरायचं नाही, थर्मामीटर लावायचा. ओठ वर करून हिरड्या बघितल्या, गुलाबी होत्या. छातीला स्टेथोस्कोप लावून फुफ्फुसं तपासली. पोट दाबून बघताना ती कण्हली. मग मला म्हणाले, "ती खात नाही हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत. का खात नाही ते आपण शोधू." मळमळ थांबवणारं मॅरोपिटंटचं इंजेक्शन दिलं, दुखण्याचं औषध बदललं, पुन्हा सलाईन लावलं.

आता मी दारात आलेल्यांना हेच विचारते. दुखतंय का? मळमळतंय का? ताटलीपर्यंत तोंड पोचतंय का? त्या जागेची, त्या भांड्याची, तुमच्या हाताची भीती बसलीय का? यातलं एकही शिल्लक असेल तर पंचपक्वान्नं मांडून काही होत नाही. आणि दुखतंय असं वाटलं तर घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. माणसाला चालणाऱ्या या गोळ्या कुत्र्याच्या यकृताचा, मूत्रपिंडाचा घात करतात. त्याच्यासाठीची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरच देतील.

तोंड पोचण्याचं तर मला कधी सुचलंच नसतं. टाके चाटू नयेत म्हणून तिच्या गळ्यात प्लास्टिकचा भोंगा होता. ती ताटलीकडे वाकली की भोंग्याची कड फरशीला लागायची, किर्र आवाज व्हायचा आणि ती मागे सरायची. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, आवाज जास्तच व्हायचा. हे मी दोन दिवस ऐकत होते आणि मला वाटत होतं की तिला नको आहे. शेजारच्या अक्कांनी ते बघितलं. अक्का पद्मशाली, विणकर समाजातल्या, घरात तेलुगू, बाहेर आमच्याशी मराठी. त्यांनी पातेलं पालथं घातलं, त्यावर उथळ ताटली ठेवली आणि म्हणाल्या, "तिचं तोंड खाली जाईना, तर ताट वर घ्या की." मग आम्ही खाण्याच्या वेळेपुरता भोंगाच काढायला लागलो. एकानं शेजारी बसून लक्ष ठेवायचं, खाणं झालं की लगेच परत घालायचा.

गोळीची जागाही बदलली. गोळी ओसरीत, खाणं स्वयंपाकघरात. गोळी ह्यांच्या हातून, खाणं माझ्या हातून. जबडा उघडून जिभेच्या पार मागे ठेवायची, तोंड मिटून गळ्यावरून हात फिरवायचा, वर घोटभर पाणी तिचं तिला पिऊ द्यायचं. एवढ्यात होतं ते. काही गोळ्या भरल्या पोटीच द्यायच्या असतात, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आता चौथा दिवस. इंजेक्शनला रात्र उलटून गेली होती, लाळ थांबली होती. सकाळी अक्का स्वतःसाठी करत होत्या ती भाकरी घेऊन आल्या, तव्यावरून उतरलेली, पापुद्रा फुगलेला. ज्वारी भाजल्याचा तो वास तुम्हाला मी काय सांगायचा, सोलापुरात कुणाला सांगावा लागत नाही. हरणी पिल्लू असल्यापासून तिची सकाळ त्याच वासानं उजाडलीय. तिनं डोकं उचललं नाही. फक्त नाकपुड्या हलल्या. दोनदा.

मी भाकरीचा मऊ भाग कुस्करला, चिकन उकडलेलं पाणी त्यावर घातलं. मीठ नाही, मसाला नाही, वरची चरबी काढून टाकलेली. लेकराचं दूध बघावं तसं मनगटावर टाकून बघितलं, कोमट होतं. फ्रीजमधल्या गार अन्नाला वास नसतो आणि आजारी कुत्रं आधी नाकानंच जेवतं. ताटली पातेल्यावर ठेवली, भोंगा काढला. मी नेहमीसारखी समोर बसणार, तेवढ्यात अक्कांनी मला दंडाला धरून उठवलं. आम्ही दाराआड उभ्या राहिलो. तिथून ती दिसत होती, आम्ही तिला दिसत नव्हतो. अक्का अगदी हळू, स्वतःशीच म्हणत होत्या, "तिनु तल्ली, तिनु." खा गं बाई, खा.

बराच वेळ काही नाही. मग जिभेचा आवाज आला. लप. थांबली. लप, लप. तीन दिवस गल्लीतल्या सगळ्या मागांच्या खडखडीत मी तेवढा एक आवाज शोधत होते. आधी पाणी चाटलं, मग कडेची भाकरी, मग उरलेली. मूठभर असेल. अक्कांनी माझा दंड सोडला नव्हता.

मला लगेच आणखी वाढायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रिकाम्या पोटाला एकदम भरू नका. त्यांनी हिशेब करून दिला होता: वजन किलोत घ्या, तीसने गुणा, सत्तर मिळवा, तेवढ्या कॅलरी विश्रांतीत दिवसाला लागतात. दोन किलोच्या वर आणि तीस किलोच्या आतल्या कुत्र्याला हा हिशेब लागू पडतो. हरणीच्या ७३० आल्या. पहिल्या दिवशी त्याचा तिसरा हिस्सा पोटात गेला तरी पुरे, दुसऱ्या दिवशी दोन हिस्से, तिसऱ्या दिवशी पूर्ण. शंभर ग्रॅम उकडलेल्या, हाडं काढलेल्या चिकनमध्ये साधारण १६५ असतात, शिजलेल्या भातात १३०, एका अंड्यात ७५ च्या आसपास. मी वजनकाटा घेऊन बसायचे आणि वहीत लिहायचे. दिवसातून पाच-सहा वेळा, लहान वाटीएवढं. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर ताटली उचलायची. आमच्या उन्हाळ्यात अन्न तासाभरात आंबतं आणि आंबल्या वासानं तिला पुन्हा मळमळलं असतं. चिकन मात्र तिनं पुढे तीन आठवडे नुसतं घेतलं नाही, भाकरीत लपलेलं तेवढं चालायचं.

लोकांनी प्रेमानं बरंच आणून दिलं. मटणाचा रस्सा, शेंगा चटणी लावलेली भाकरी, खारं बोंबील. सगळं परत पाठवताना वाईट वाटलं, पण पाठवलं. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, कच्चा असो की शिजवलेला, आणि आपल्या घरात त्याशिवाय फोडणी पडत नाही. बाळंतिणीला द्यावं तसं तूप घालायला सांगणारेही भेटतील. एवढ्यात नको, तेलातुपानं स्वादुपिंड बिघडतं.

आणखी एक, कारण हेही सगळे घाबरून विचारतात. शी तीन-चार दिवस होत नाही. पोटात काही गेलेलंच नसतं, कुठून होणार? लघवी होतेय ना, ते बघा. पण उलट्या थांबत नसतील, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, पोट फुगत असेल, टाक्यांतून पाणी किंवा पू येत असेल, पाणीसुद्धा पीत नसेल, तर माझ्या दारात येऊ नका, सरळ दवाखान्यात जा. दोन दिवस अन्न शिवलं नाही तरी जा. पिल्लू असेल तर तेवढंही थांबू नका.

टाके बाराव्या दिवशी निघाले तेव्हा काट्यावर २० किलो ४०० ग्रॅम भरली. बरगड्या बघून गल्लीतले हळहळत होते, पण या जातीच्या बरगड्या एरवीही दिसतातच, मी काट्याकडे बघायची. गणपतीच्या आधी २२ झाली. माझ्या तळहातावरचं मात्र तिनं त्याहून उशिरा घेतलं, भाकरीचा कोरडा तुकडा, तोही आधी हुंगून, उलटा करून, आत काही नाही ना बघून. अजूनही तसंच करते. मी हात उघडा धरून थांबते. तिला हवा तेवढा वेळ.