शाडूची कंबर: तिसरा प्रयत्न

गणपती करून उरलेली शाडू माती संपत आली आणि तिसरी कंबर, म्हणजे कमरेच्या हाडांचं मॉडेल, एकदाची वाळली. दांडियाबाजारातल्या आमच्या गॅलरीत आता ओळीने तीन आहेत: चिंपांझी, ल्यूसी (दोन पायांवर चालणारी माणसाची प्राचीन नातलग), माणूस. शेजारच्या काकू पहिलीला ‘हत्तीचे कान’ म्हणतात. म्हणू देत, चिंपांझीच्या कमरेचं हाड खरंच तसं उंच, सपाट, पाठीला धरून असतं. माणसात तेच बुटकं होऊन बाजूंनी पुढे वळलंय. बाहेरच्या कडेपासून मांडीच्या हाडापर्यंत स्नायूसारखा दोरा ताणला की मॉडेल एका पायावरही कलंडत नाही. चिंपांझीचा दोरा मागच्या बाजूला ओढतो, कंबर लगेच कलते.

ल्यूसीने छळलं. तिचे जीवाश्म १९७४ मध्ये इथिओपियात हदारला सापडलेले, ३२ लाख वर्षांपूर्वीचे. तिचं डावं हाड चेपून वेडंवाकडं झालेलं. मानवशास्त्रज्ञ ओवेन लव्हजॉय यांनी त्याची प्लॅस्टरची प्रत कापून तुकडे नव्याने जुळवले. माझं दोनदा मोडलं, तेव्हा हे आठवून बरं वाटलं. तिची बाळ बाहेर येण्याची वाट आडवी रुंद, पुढून-मागून चिंचोळी.

खरी कसोटी माणसाची. वाटेचं वरचं तोंड आडवं १३ सेंमी, पुढून-मागून ११. खाली मात्र पुढून-मागून जागा जास्त. म्हणून बाळाचं डोकं आडवं शिरतं आणि वाटेत वळतं. थर्माकोलचं डोकं तासलं, रुंदी ९.५. वरून सुरळीत शिरलं, वळवलं, आणि मधल्या दोन काट्यांपाशी, म्हणजे हाडाच्या आत आलेल्या टोकांपाशी, अडकलं. तिथे १० सेंमी ठेवले होते. पट्टी लावली तर ९.४! शाडू वाळताना आकसते हे दरवर्षी सोंड तडकली की कळतं, तरी.

कानस घेऊन बसलो तोच आई म्हणाली, ‘‘अरे, याची टाळू कुठाय?’’ बरोबरच. बाळाच्या कवटीची हाडं सुटी असतात, वाटेत एकमेकांवर सरकतात. माझा थर्माकोल कसला सरकतोय! जन्मताना मेंदू प्रौढाच्या एक तृतीयांशाहूनही लहान असतो, पुढची वाढ बाहेर. बाळ इतक्या लवकर जन्मतं ते वाटेच्या मापामुळे, असं मी धरून चाललो होतो. मानवशास्त्रज्ञ होली डन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलं की आईच्या शरीराची ऊर्जाच तोवर मर्यादेला पोचते. मला पटतं, पण ऊर्जा मातीत कशी वळायची?

चौथ्या कमरेत काट्यांमधलं अंतर ओलं असताना १०.६ ठेवतोय. डोकं स्पंजचं, वर पुठ्ठ्याचे सुटे तुकडे. माकडहाडही वेगळं, तारेवर बसवणार. प्रसूतीत ते मागे सरकतं.