उंबरा नसलेलं घर

परवा आमच्या घराची प्रेशर टेस्ट, म्हणजे भिंतींतून हवा किती गळते याची तपासणी, एकदाची पास झाली आणि मला रडूच आलं. स्वीडनमध्ये वेक्शोजवळ जंगलातला प्लॉट घेतल्यापासून सगळे विचारताहेत, रिटायर झाल्यावर पुण्याला यायचं सोडून तिकडे लाकडाचं घर कसलं बांधताय, थंडीने गारठाल. तर सांगते.

आधी प्रश्न झाडांचा, मला एकही तोडायचं नव्हतं. पण शेजारच्या आजोबांनी जानेवारी 2005 च्या गुद्रुन वादळाचं सांगितलं, दक्षिण स्वीडनमध्ये साधारण साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं झालं होतं, बहुतेक सगळे स्प्रूसच, म्हणजे सुईसारख्या पानांची सदाहरित झाडं, कारण त्यांची मुळं वरवर पसरतात. मग घराच्या दक्षिणेकडचे स्प्रूस काढले नि बर्च ठेवले, त्यांची पानं थंडीत गळतात ना, डिसेंबरात इथे भर दुपारी सूर्य जेमतेम दहा अंश वर येतो, तेवढं ऊन तरी हॉलमध्ये आलंच पाहिजे, आणि उन्हाळ्यात त्यांचीच सावली.

बाहेरून फळ्यांना फालूनचा तांबडा रंग, खिडक्या तीन काचांच्या, भिंतीत हातभर जाड सेल्युलोज, म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांचा पिंजून केलेला कापूसच. पण खरं काम हवेचं. कोकणात आजोळी कौलांच्या फटींतून वारा खेळायचा. इथे फट राहिली की घरातली उबदार दमट हवा भिंतीत शिरते, तिथे गार होऊन पाणी सुटतं आणि लाकूड कुजतं. म्हणून दारात मोठा पंखा बसवून 50 पास्कल इतक्या हवेच्या दाबाला तपासतात, पॅसिव्ह हाऊसच्या, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घराच्या नियमात तासाला घरातल्या हवेच्या 0.6 पटच गळती चालते. आमची पहिल्यांदा 1.1 आली. मी ओला तळहात भिंतीवरून फिरवत गेले, किचनमधल्या एका स्विचबोर्डापाशी गार झुळूक लागली, वायर घालताना कुणीतरी भिंतीतलं हवा अडवणारं प्लास्टिक कापलं होतं आणि टेप लावलीच नव्हती! इतका संताप झाला. भिंत परत उघडली, तीन आठवडे गेले. आता 0.5. ताजी हवा मशीनमधून येते, बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब घेऊन.

आणि घरात उंबरा कुठेच नाही, उद्या व्हीलचेअर लागली तर अडायला नको म्हणून. आईला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली, मग म्हणाली, "अगं, हळदीकुंकू कुठे वाहायचं?" शेवटी ठरलं, मेन दाराच्या चौकटीला वाहायचं आणि पहिल्यांदा तिनेच. जूनमध्ये येतेय, बर्च हिरवेगार झाले की.