मंगळवार ते रविवार, मुंबईच्या आडवाटेच्या कार्यक्रमांमागे

मुंबईत वेगळं गाणं, तिकीटबारीवर न येणारा सिनेमा आणि नवी चित्रं शोधायला निघायचं, तर आधी वार बघावा, मग ठिकाण. हा क्रम चुकला की फेरी फुकट जाते. म्हणून मी ही भटकंती मंगळवारी सुरू करतो, काळा घोडा परिसरातल्या जहांगीर कला दालनापासून.

हे दालन १९५२ साली उघडलं. सकाळी ११ ते संध्याकाळी ७ उघडं, प्रवेश मोफत. इथली बहुतेक प्रदर्शनं आठवडाभराची असतात: मंगळवारी लागतात, सोमवारी उतरतात. मंगळवारी संध्याकाळी उद्घाटनाची गर्दी असते, चित्रकार घोळक्यात अडकलेला असतो आणि चित्रांपुढे माणसांच्या पाठीच दिसतात. सोमवारी दुपारनंतर भिंतीखाली बबलरॅप आणि सुतळ्या पडायला लागतात. बुधवार-गुरुवारची दुपार सगळ्यात चांगली. चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो आणि विचारलं की मनापासून बोलतो. ‘याचा अर्थ काय’ असं विचारू नये. ‘हा थर आधी लावला की नंतर?’ असं विचारावं, तो उठून चित्राजवळ येतो. बाहेर फुटपाथवरही चित्रं मांडलेली असतात. त्यांच्यासमोरून घाईने जाऊ नका, तिथे हात चांगला असलेली माणसं बसतात.

रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सर कावसजी जहांगीर हॉलच्या जुन्या इमारतीत १९९६पासून. ते सोमवारी बंद असतं. खासगी गॅलऱ्या मात्र बहुतेक रविवारी बंद, आणि पहिल्यांदा येणाऱ्याचा घोळ इथेच होतो, कारण सुट्टीचा दिवस म्हणून माणूस नेमका रविवारीच येतो. कुलाबा-फोर्टमधल्या या गॅलऱ्या जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यावर किंवा मागच्या बोळात असतात. रस्त्यावर पाटी असेलच असं नाही. जिन्याशी छोटी पितळी पाटी असते, दार लोटलेलं असतं, घंटा वाजवावी लागते. आपण काही विकत घेणार नाही या संकोचाने बरेच जण दारातूनच परततात. तसं करू नये, बघायला येणाऱ्यांसाठीच ते दार असतं. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, २०१२पासून. त्या दिवसांत बऱ्याच गॅलऱ्या रविवारीही उघड्या राहतात, म्हणून बाहेरगावच्या माणसाने तोच मुहूर्त धरावा.

काळा घोडा महोत्सव १९९९ साली सुरू झाला. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीचे नऊ दिवस. शनिवार-रविवारी रस्त्यावरच्या मांडणीशिल्पांपुढे फक्त मोबाइल दिसतात. मधल्या वारी दुपारी जा, आणि रस्त्यापेक्षा डेव्हिड ससून वाचनालयाच्या बागेत आणि आसपासच्या सभागृहांत काय चाललंय ते बघा. ज्या घोड्यावरून हे नाव पडलं तो पुतळा १९६५मध्येच इथून हलवला, तो आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. इथे उभा असलेला स्वाराविना घोडा २०१७चा.

सिनेमाची गोष्ट वेगळी. वेगळा सिनेमा इथे तिकिटावर कमी आणि सभासदत्वावर जास्त दिसतो. जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. जगभरातल्या बहुतेक चित्रपटांकडे ते नसतं, म्हणून फिल्म सोसायट्या फक्त सभासदांसाठी खेळ ठेवतात आणि महोत्सव वेगळी सूट घेतात. १९६८ साली सुरू झालेलं प्रभात चित्र मंडळ ही आपल्याकडची जुनी, मराठी माणसांनी जपलेली फिल्म सोसायटी. तिथे खेळाइतकीच खेळानंतरची चर्चा ऐकण्यासारखी असते. सभासदत्वाचा अर्ज खेळाच्या ठिकाणीच भरायचा असेल, तर फोटो आणि ओळखपत्र घेऊन अर्धा तास आधी पोहोचा. ऐनवेळी टेबलापाशी रांग लागते आणि पहिली दहा मिनिटं हुकतात.

माहितीपटांसाठी पेडर रोड. तिथल्या पूर्वीच्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात मिफ हा माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा महोत्सव होत आला आहे. तो १९९०मध्ये सुरू झाला, साधारण दोन वर्षांतून एकदा होतो. २००४च्या मिफसाठी भारतीय माहितीपटांकडे सेन्सॉर प्रमाणपत्राची मागणी झाली, तेव्हा चित्रपटकर्त्यांनी ‘विकल्प’ नावाने स्वतंत्र खेळ लावले. शहरात आज छोट्या खोल्यांमधून माहितीपट दाखवले जातात, त्यामागे ती चळवळ आहे. त्याच आवारात २०१९मध्ये सुरू झालेलं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, सोमवारी बंद.

छोट्या खोल्यांत बसण्याचंही एक तंत्र आहे. जमीन सपाट, खुर्च्या प्लास्टिकच्या, पडदा खाली टांगलेला. सबटायटल पडद्याच्या तळाशी येतात आणि पुढच्याचं डोकं नेमकं तिथेच. दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची धरा. अगदी मधोमध मागे बसाल, तर प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर आख्खा सिनेमाभर कानाशी राहते.

नाटकासाठी, आणि कधीकधी गाण्यासाठीही, जुहूचं पृथ्वी. १९७८चं छोटं थिएटर, रंगमंचाला तिन्ही बाजूंनी प्रेक्षक. खुर्च्यांना नंबर नाहीत, जो आधी येईल तो आधी बसेल. तिसरी घंटा झाली की दार बंद, तिकीट हातात असलं तरी. संध्याकाळी पार्ले किंवा अंधेरी स्थानकाबाहेर रिक्षा मिळण्यातच वीस मिनिटं जातात, हे धरून निघा. आणि दक्षिणेकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, वांद्र्याच्या अलीकडे शहरात रिक्षा नाहीत.

शास्त्रीय संगीतासाठी नरिमन पॉइंटचं एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. मोठ्या नावांची तिकिटं महाग असतात, पण तिथल्या लिटिल थिएटरमध्ये तरुण गायक-वादकांचे कार्यक्रम होतात. जागा थोड्या, अंतर इतकं कमी की तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजन, मायक्रोफोनशिवाय कानावर पडते. चर्चगेटहून जाताना शेअर टॅक्सी मिळते. परतताना ती मिळेल या भरवशावर राहू नका, मरीन ड्राइव्हवरून पंचवीस मिनिटं चालत यायची तयारी ठेवा.

आता वेळेची एक बाब. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, तेवढंच. त्यामुळे मैदानातल्या रात्रभर चालणाऱ्या मैफली संपल्या आणि मध्यरात्रीनंतरचे राग उघड्यावर ऐकू येईनासे झाले. हे नुकसान मला फार मोठं वाटतं. बदल्यात पहाटेच्या मैफली आल्या. साडेसहाला ललत ऐकायला मिळतो. रविवारी अशा मैफलीहून परतताना मेगाब्लॉकचं, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याचं, वेळापत्रक आधी पाहून ठेवा. तो साधारण साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो. मार्ग दर रविवारी एकच नसतो.

शनिवारची रात्र मी गिरगावात काढतो. साहित्य संघ मंदिर, चर्नी रोड स्थानकापासून पूर्वेला चालत दहा मिनिटं. इथे शक्ती-तुऱ्याचे (दोन पक्षांचा गाण्यातला सामना) आणि नमनाचे (कोकणातलं लोकनाट्य) प्रयोग होतात. यांची जाहिरात इंग्रजी पानांवर कधीच येत नाही. नाट्यगृहाच्या फाटकावरचे फलक, लालबाग-परळच्या भिंतींवरचे कागद आणि गावकऱ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट, एवढीच त्यांची वाट. आयोजक बहुधा कोकणातल्या एखाद्या वाडीचं मुंबई मंडळ असतं आणि तिकिटाचे पैसे गावच्या देवळाला किंवा शाळेला जातात. शक्ती-तुऱ्यात आधी गण, मग गवळण, मग दोन्ही पक्षांचे सवाल-जवाब. खरी धार तिथे लागते, म्हणून मध्यंतरात निघू नका.

डबलबारी भजन, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, मात्र शक्यतो चाळीच्या पटांगणात ऐकावं. लालबाग, परळ, भांडुपकडे नवरात्रात, दत्तजयंतीला किंवा माघी गणपतीला. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज. सुरू होण्याआधी अर्धा तास पोहोचा आणि पखवाजवाल्याजवळ बसा. तो डाव्या तोंडावर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतो, बोटांनी पसरतो, थाप मारून ऐकतो, थोडी कणीक काढतो, पुन्हा थाप. कणीक वाढली की आवाज खाली जातो, वाळली की चढतो आणि घुमारा जातो, म्हणून ती ऐनवेळीच लावतात. मग हातोडीने उजवी बाजू पेटीच्या सुराला लावतो. पहिल्या बुवांची बारी (पाळी) रूपाच्या, म्हणजे देवाचं रूप वर्णणाऱ्या, अभंगाने उभी राहते, मधे ते समोरच्याला कोडं घालतात आणि गजराने ती संपते. मग समोरचे बुवा त्याच कोड्याला गाण्यातूनच उत्तर देतात. पुराणातले संदर्भ कळले नाहीत, तर शेजारच्या आजोबांना विचारा, ते पुढचा सवालही आधीच सांगतात. दहाला ध्वनिक्षेपक बंद होतो, म्हणून दुसरी बारी घाईत उरकते. हाताशी वेळ ठेवायचा तर सातलाच जागा धरा. शेवटच्या गजराआधी बुवा पुढच्या बारीची तारीख आणि ठिकाण सांगतात, ते तिथेच लिहून घ्या.