सायकलच्या हँडलवर छोटी टॉर्च: बसवणीच्या आतापर्यंतच्या नोंदी

रात्री सायकल चालवण्यासाठी वेगळा दिवा न घेता हाताशी असलेली छोटी टॉर्चच हँडलवर पक्की बसवता येईल का, हे पाहण्याचे काम सध्या सुरू आहे. त्यात जेवढी प्रगती झाली तेवढी येथे नोंदवत आहे. टॉर्च अगदी साधी आहे: ॲल्युमिनियमची नळी, पुढे गुळगुळीत रिफ्लेक्टरमध्ये बसवलेला एकच एलईडी, मागच्या टोपणात बटण आणि आत १८६५० जातीचा एक लिथियम सेल. हा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असल्यामुळे अशा टॉर्चची नळी बहुधा २२ ते २५ मिलिमीटरच्या आसपास भरते. हँडलचा ग्रिपखालचा भाग सपाट हँडलमध्ये २२.२ मिलिमीटर असतो आणि स्टेमजवळचा (हँडलला सायकलशी जोडणाऱ्या मधल्या दांड्याजवळचा) भाग हँडलच्या जातीनुसार २५.४ किंवा ३१.८ मिलिमीटर असतो. क्लॅम्प, म्हणजे आवळून धरणारे कडे, निवडण्यापूर्वी ही दोन्ही मापे कॅलिपरने घ्यावीत, कारण मिलिमीटरभर सैल असलेला क्लॅम्प कितीही आवळला तरी नळीला सगळीकडून धरत नाही.

टॉर्च खाली पडू न देणे हे काम सोपे आहे. तिचा कोन टिकवून धरणे हेच खरे अवघड काम आहे. हँडलवरची टॉर्च जमिनीपासून सुमारे १ मीटर उंचीवर असते. झोताचा मध्य १० मीटर पुढे रस्त्यावर पडावा असे ठरवले, तर टॉर्च आडव्या रेषेपासून जेमतेम पावणेसहा अंश खाली झुकलेली असावी लागते. धक्क्याने ती केवळ ३ अंश वर सरकली, तर तोच मध्य सुमारे २१ मीटरवर जातो आणि जवळचा रस्ता अंधारात राहतो; ३ अंश खाली सरकली, तर तो साडेसहा मीटरवर येतो आणि चाकापुढे फक्त एक झगझगीत ठिपका उरतो. तीन अंश म्हणजे टॉर्चच्या लांबीत काही मिलिमीटरचा फरक, जो उजेडात नुसत्या डोळ्यांनी कळतही नाही. म्हणून कोणतीही बसवण चांगली की वाईट हे मी एकाच कसोटीवर ठरवत आहे: खडबडीत रस्त्यावरून गेल्यानंतर झोत पूर्वीच्याच जागी पडतो की नाही.

सुरुवात फिरत्या सांध्याच्या प्लास्टिक क्लॅम्पने केली. त्याचे एक कडे हँडलला, दुसरे टॉर्चला आणि मध्ये दोन्ही बाजूंना वळणारा सांधा असतो. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर तो व्यवस्थित चालतो आणि टॉर्च पटकन काढता येते, ही त्याची मोठी सोय आहे. मात्र खडीचा रस्ता लागला की टॉर्चचे तोंड हळूहळू खाली झुकू लागते. याचे कारण वजनाच्या विभागणीत आहे. रिफ्लेक्टर, काच आणि एलईडीखालचा जाड धातू पुढच्या बाजूला असल्यामुळे टॉर्चचा तोल नळीच्या मध्यापेक्षा बराच पुढे असतो, आणि कडे मध्यावर आवळले तर प्रत्येक धक्का तोंडाला खाली खेचतो. उपाय म्हणून सेल आत घालून टॉर्च एका बोटावर आडवी तोलून पाहिली, जिथे ती स्थिर राहिली तिथे पेन्सिलने खूण केली आणि कड्याचा मध्य बरोबर त्या खुणेवर आणला. रिकाम्या टॉर्चवर ही खूण करू नये, कारण एकट्या सेलचे वजनच सुमारे ४५ ग्रॅम असते आणि त्याने तोलाची जागा बदलते. एवढ्या बदलाने झुकणे पुष्कळ कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही. प्लास्टिकच्या सांध्यात मुळातच थोडी हालचाल असते आणि ती कितीही आवळून जात नाही.

म्हणून सध्याची रचना सांध्याविना केली आहे. टॉर्च हँडलवर काटकोनात ठेवली की दोन गोल नळ्या एकमेकींना एकाच बिंदूत टेकतात आणि त्या बिंदूभोवती टॉर्च डोलत राहते. ही डोलण्याची जागाच काढून टाकण्यासाठी मध्ये एक लहान लाकडी ठोकळा घातला. त्याच्या खालच्या बाजूला हँडलच्या गोलाईची आणि वरच्या बाजूला टॉर्चच्या गोलाईची, एकमेकींना काटकोनात असलेली अशी दोन खोबणी गोल कानशीने घासून केली. वरची खोबण किंचित उतरती ठेवली, म्हणजे हवा तो झुकाव ठोकळ्यातच येतो. दोन्ही खोबण्यांत जुन्या ट्यूबचे रबर, खडबडीत बाजू वर ठेवून, चिकटवले. त्यावर दोन रुंद केबल टाय एकमेकांवर फुलीच्या आकारात घेतले आणि दोन्ही थोडे थोडे, आलटून पालटून आवळले. एकच टाय आधी पूर्ण आवळला तर टॉर्च एका बाजूला वळते. टायची टोके नखाला लागणार नाहीत इतकी जवळून कापावीत, कारण तिरकी कापलेली टोके हात चांगलाच ओरबाडतात. ब्रेक आणि गिअरच्या केबल टायखाली दबलेल्या नाहीत ना, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. टायऐवजी धातूचा पट्टी क्लॅम्प वापरता येतो, पण कार्बनच्या हँडलवर तो मुळीच लावू नये. एका जागी आलेल्या दाबाने कार्बनला इजा होऊ शकते.

रबराचे महत्त्व मला या कामात विशेष पटले. ते नळीला घट्ट धरते, बारीक कंप शोषून घेते आणि टॉर्चच्या नळीवरील खरखरीत नक्षीने हँडलचा रंग खरवडला जाऊ देत नाही. कापड किंवा गुळगुळीत चिकटपट्टी ही तिन्ही कामे एकत्र करत नाही.

बसवण पक्की झाल्यावर दुसरी अडचण ठळकपणे पुढे आली: मोठ्या धक्क्याला टॉर्च क्षणभर विझून आपोआप पुढच्या मोडवर, म्हणजे बटण अर्धवट दाबल्यावर येणाऱ्या उजेडाच्या पुढच्या प्रकारावर, जात असे, आणि भर अंधारात मध्यम उजेडाऐवजी एकदम लुकलुकणारा उजेड सुरू होई. धक्क्याबरोबर सेल नळीत पुढेमागे सरकतो, स्प्रिंगवरचा दाब क्षणभर सुटतो, विद्युतप्रवाह तुटतो, आणि टॉर्चमधील सर्किटला तो बटण अर्धवट दाबल्यासारखाच वाटतो. ज्या टॉर्चमध्ये तीन लहान सेल एका प्लास्टिकच्या साच्यात बसतात, तिथे जोडांची संख्या जास्त असल्याने हा त्रासही जास्त होतो. माझ्या टॉर्चपुरता उपाय तीन गोष्टींनी झाला. मागची स्प्रिंग हलक्या हाताने थोडी ताणली, सेल आणि नळी यांच्यातली पोकळी जाड कागदाच्या एका वेढ्याने भरली, आणि टोपणाचे आटे स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, कारण बहुतेक धातूच्या टॉर्चमध्ये प्रवाह या आट्यांमधूनच जातो आणि त्यावरचे काळे ग्रीस त्याला अडवते. सेलच्या टोकाशी सुटे नाणे, चकती किंवा फॉइलची घडी ठेवून पोकळी भरण्याचा मोह मात्र टाळावा. असा तुकडा सरकून लिथियम सेल शॉर्ट झाला तर तो पेट घेऊ शकतो.

झोताची दिशा भिंतीसमोर लावणे मला सर्वांत भरवशाचे वाटते. सपाट जमिनीवर सायकल भिंतीपासून ५ मीटर अंतरावर उभी करावी, स्वतः वर बसावे, आणि काचेच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खुणेने दाखवावी. टॉर्च १ मीटर उंचीवर असेल आणि झोत १० मीटरवर हवा असेल, तर प्रखर ठिपक्याचा मध्य त्या खुणेच्या ५० सेंटिमीटर खाली पडला पाहिजे. हे १० मीटर वेगाशी जुळवून ठरवले आहेत. ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर आठ मीटरहून थोडे अधिक आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे चार, असे बारा मीटर लागतात. झोताची वरची कड मध्याच्या पुढे पोहोचत असल्याने तेवढा रस्ता दिसतो. ताशी २५ किलोमीटरला हाच हिशोब सोळा-सतरा मीटरवर जातो, म्हणून या बसवणीवर त्या वेगाने जाणे मी टाळतो.

समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. सायकलच्या खास दिव्यांपैकी काहींचा, विशेषतः जर्मन नियमांना धरून बनवलेल्यांचा, झोत वरच्या बाजूला आडव्या रेषेत कापलेला असतो. टॉर्चचा झोत मात्र गोल असतो आणि वरही तेवढाच पसरतो. काचेचा अर्धा भाग काळ्या चिकटपट्टीने झाकला की अर्धा झोत कापला जाईल, असे अनेकांना वाटते. भिंतीवर प्रत्यक्ष पाहिले तर ठिपका गोलच राहतो, फक्त मंद होतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग आपला प्रकाश त्याच मध्याकडे पाठवत असतो, त्यामुळे अर्धा भाग झाकल्याने ठिपक्याचा आकार बदलत नाही. याउलट काचेच्या वरच्या कडेपासून पुढे आलेली लहानशी झडप एलईडीतून थेट बाहेर पडणारा, ठिपक्याभोवतीचा फिका प्रकाश वरच्या बाजूने खरोखर अडवते. शिवाय काचेच्या कडेची चमक स्वाराच्या डोळ्यांत येत नाही, आणि पुढचा अंधुक रस्ता अधिक स्पष्ट दिसतो. प्रखर ठिपक्यावर उपाय एकच: झुकाव योग्य ठेवणे आणि रहदारीत मध्यम मोड वापरणे. लुकलुकणारा मोड पुढच्या दिव्यासाठी मी वापरत नाही, कारण त्यात समोरच्याला आपले अंतर नीट जोखता येत नाही आणि आपल्यालाही खड्डा सलग दिसत नाही.

उष्णतेची काळजी चालत्या सायकलवर फारशी करावी लागत नाही, वाराच नळी थंड ठेवतो. सिग्नलला थांबल्यावर मात्र मोड खाली आणावा. ३००० मिलिॲम्पिअर-तासांच्या सेलमध्ये सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा असते, त्यामुळे ३ वॉटच्या मध्यम मोडवर सर्किटमधील घट धरूनही तीन तासांच्या आसपास उजेड मिळतो. जादा सेल बंद प्लास्टिकच्या डबीत सीटखालच्या पिशवीत असतो.

आता दोन कामे उरली आहेत. झडप सध्या काळ्या पुठ्ठ्याची आहे आणि पहिल्याच पावसात ती मऊ पडेल, म्हणून तिच्या जागी पातळ प्लास्टिकची कायमची झडप करायची आहे. दुसरे काम थोडे मोठे आहे. उजेड जितका खालून येतो तितक्या खड्ड्याच्या आणि खडीच्या सावल्या लांब पडतात आणि रस्त्याचा उंचसखलपणा उठून दिसतो, म्हणून असाच ठोकळा पुढच्या फोर्कच्या माथ्यावर, चाकाच्या वर बसवून दोन्ही जागांची तुलना करायची आहे. तिथे उंची हँडलपेक्षा बरीच कमी असल्यामुळे भिंतीवरचे माप नव्याने काढावे लागेल, आणि टाय तुटला तर टॉर्च थेट चाकात जाऊ नये यासाठी एक स्वतंत्र सुरक्षा दोरीही बांधावी लागेल.